साखळी तोडायची की आतच डोकवायचं?

कंसातला_माणूस
जावा ८ मध्ये (२०१४) स्ट्रीम आले (लिस्टमधल्या नोंदी एकामागोमाग टप्प्यांतून नेणारी सोय, प्रत्येक टप्पा डॉटने जोडायचा) आणि आमच्या टीममध्ये दहा-दहा डॉटच्या साखळ्या लिहायची चढाओढ लागली. वाचायला झकास. पण शेवटी हातात रिकामी लिस्ट आली, की कुठल्या फिल्टरने (नोंदी गाळणाऱ्या टप्प्याने) माल गिळला ते शोधत बसा. माझं मत: तीन टप्प्यांपुढे साखळी नको. मधल्या निकालाला नाव असलेलं व्हेरिएबल द्या, ब्रेकपॉइंट लावा (कोड तिथेच थांबतो), व्हॅल्यू समोर.

नाइलाजाने_सीनियर
असहमत. स्ट्रीम व्हेरिएबलमध्ये ठेवून डीबगरमध्ये (कोड थांबवून आत बघायच्या साधनात) दिसणार काय? त्यात डेटा नसतोच. शेवटचा कलेक्ट (निकाल गोळा करणारा) किंवा काउंट (मोजणारा) येईपर्यंत काहीच चालत नाही. बघायला म्हणून तिथेच काउंट मारलात तर स्ट्रीम वापरून संपला, पुढच्या ओळीवर इलिगल-स्टेट एक्सेप्शन. मग काय, प्रत्येक टप्प्यावर लिस्ट बनवणार? मध्ये एक पीक (peek, जाणारी नोंद नुसती दाखवणारा टप्पा) टाका, छापून बघा, काम झालं की काढा.

कंसातला_माणूस
हो, लिस्टच बनवणार. आपल्यातल्या बहुतेकांच्या लिस्टमध्ये दोनशे नोंदी असतात, मेमरीचा बाऊ कशाला? आणि पीकवर एवढा विश्वास? जावा ९ पासून लिस्टवर मॅप (प्रत्येक नोंद बदलणारा टप्पा), पीक, काउंट लिहिलं तर संख्या मूळ लिस्टवरूनच कळते, म्हणून पीक चालतही नाही. डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय.

नाइलाजाने_सीनियर
तक्रार तुमचीच होती ना, फिल्टर माल गिळतो म्हणून? मध्ये फिल्टर असला की संख्या आधी कळूच शकत नाही. साखळी चालवावी लागते आणि पीकही चालतो. उदाहरण सोयीचं निवडलंत राव!

पाइपवाली
तुमचं चालू द्या, पण हे भाषेनेच द्यायला हवं. एलिक्सर भाषेत १.१४ पासून पाइपच्या (तिथल्या अशाच साखळीच्या) शेवटी डीबीजी (dbg) लावला की प्रत्येक टप्प्याची व्हॅल्यू ओळीने छापून येते. ना व्हेरिएबल, ना मोडतोड. जावावाल्यांना इंटेलिजेमध्ये (कोड लिहायच्या एडिटरमध्ये) स्ट्रीम ट्रेस आहे, टप्प्याटप्प्याने काय उरलं ते दाखवतो. फक्त तो साखळी खरंच चालवतो. आत डेटाबेसमध्ये लिहिणारं काही असेल तर जपून.

रात्रपाळी
सगळे डीबगर उघडून बसलेत! प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमवर) रात्री दोन वाजता फक्त लॉग (प्रोग्रॅमने लिहिलेल्या नोंदी) असतो. ग्राहकावरून पत्ता, पत्त्यावरून शहर, शहरावरून नाव अशी एका ओळीतली साखळी फुटली, की पूर्वी नुसता ओळ क्रमांक मिळायचा. जावा १५ पासून कुठल्या मेथडने नल (म्हणजे काहीच नाही) दिलं ते मेसेजमध्ये आपोआप येतं (१४ मध्ये त्यासाठी फ्लॅग, म्हणजे जावा सुरू करताना वेगळा पर्याय, लावावा लागायचा). जुन्या जावावर असाल तर निदान एका ओळीवर एकच डॉट ठेवा, ओळ क्रमांकावरून टप्पा कळतो.

कंसातला_माणूस
नल आलं तर कळेल. चुकीचं शहर आलं तर? तिथे मेसेज गप्पच. लॉगमध्ये टाकायला व्हेरिएबल लागणारच. आणि रिव्ह्यूमध्ये (दुसऱ्याचा कोड तपासताना) राहून गेलेला पीक दिसला, तर कोड परत.

नाइलाजाने_सीनियर
रिव्ह्यूपर्यंत येतोच कशाला? आमच्याकडे पीक राहिला की बिल्डच फुटते. लिंटला (कोड आपोआप तपासणाऱ्या साधनाला) एक नियम लावा आणि लोकलला, म्हणजे स्वतःच्या मशीनवर, हवे तेवढे पीक टाका.