रक्तातून होणाऱ्या संसर्गाचे प्रशिक्षण ठेक्यावरच्या सफाई कामगारांनाही मिळालेच पाहिजे

कृष्णाकाठची परिचारिका

रक्तातून पसरणाऱ्या संसर्गापासून स्वतःला कसे जपावे, याचे वार्षिक प्रशिक्षण आता बहुतेक मोठ्या रुग्णालयांत होते. सभागृहात इंग्रजी स्लाइड दाखवल्या जातात, हजेरीपटावर सह्या होतात आणि तपासणीला दाखवण्यासाठी ती फाइल कपाटात ठेवली जाते. त्या हजेरीपटावर डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांची नावे असतात. ठेकेदाराकडून आलेल्या मावशी, कचरा उचलणारे मामा आणि लाँड्रीत रक्ताने माखलेल्या चादरी वेगळ्या करणारी मुले यांची नावे सहसा नसतात. माझा आक्षेप नेमका याला आहे.

मी एका खासगी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचे काम पाहते आणि सुई टोचल्याच्या घटनांची नोंदवही माझ्याकडे असते. त्यातल्या बऱ्याच घटना इंजेक्शन देताना घडलेल्या नसतात, तर वापरून झालेली सुई चुकीच्या ठिकाणी गेल्यामुळे घडलेल्या असतात. वापरलेल्या प्लास्टिकच्या कचऱ्याची लाल पिशवी भरली की तोंड बांधता यावे म्हणून मावशी ती वरून तळहाताने दाबतात, आणि कोणीतरी घाईत त्यात टाकलेली सुई पिशवीचे प्लास्टिक व पातळ हातमोजा भेदून थेट हातात शिरते. परिचारिकेला खाटेजवळ सुई टोचली तर रुग्ण कोण हे ठाऊक असते, त्याचे रक्त तपासता येते आणि पुढचा निर्णय सोपा होतो. पिशवीतली सुई कोणाची होती, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. म्हणजे ज्या व्यक्तीला सर्वांत कमी माहिती दिलेली असते, तिच्याच वाट्याला सर्वांत अनिश्चित प्रसंग येतो.

धोका किती, हेही स्पष्ट सांगायला हवे. बाधित रुग्णाची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य आजार होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. सगळी भीती मात्र एचआयव्हीचीच, आणि ज्या आजारावर लस आहे त्याचे नावही पुष्कळांनी ऐकलेले नसते. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो, हे ऐकून कित्येक कामगार चकित होतात.

सुई टोचल्यावर बोट तोंडात घालू नये, पिळून रक्त काढू नये, जखमेवर स्पिरिट ओतू नये, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि लगेच सांगावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर ती देण्याला अर्थ उरत नाही, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. एवढे ज्ञान ज्याला नाही, त्याला रक्ताचा कचरा उचलायला लावणे मला अन्यायाचे वाटते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना कामावर घेताना आणि त्यानंतर दर वर्षी प्रशिक्षण द्यावे, तसेच हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस द्यावी, असे म्हटले आहे. माझी मागणी इतकीच आहे की हे प्रशिक्षण मराठीत, कामाच्या वेळेत, प्रत्यक्ष वॉर्डात आणि पहिल्या दिवशी कामाला हात लावण्याआधी दिले जावे, मग पगार कोणाच्या खात्यातून होत असो.

तालुक्याचा डॉक्टर

ताईंची तळमळ मला मान्य आहे, परंतु मागणी छोट्या रुग्णालयांच्या आवाक्याबाहेरची आहे, असे माझे मत आहे. वीस खाटांच्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रणासाठी वेगळी परिचारिका नसते. तीच बाई प्रसूतीला उभी राहते, तीच औषधांचा हिशेब ठेवते. सफाईला आलेली व्यक्ती ऊसतोडीचा हंगाम आला की निघून जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. प्रत्येक वेळी नव्याने प्रशिक्षण कोणी द्यायचे? लसीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात आणि तोवर पुष्कळ जण टिकत नाहीत.

माणूस पुरवण्याचे पैसे ठेकेदार घेतो, तेव्हा प्रशिक्षित आणि लस घेतलेला माणूस पाठवणे ही त्याचीच जबाबदारी ठरली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस एकत्रित वर्ग भरवावा, तिथे प्रमाणपत्र द्यावे आणि त्याशिवाय ठेकेदाराने कोणाला कामावर पाठवू नये. सगळा भार रुग्णालयावर टाकला तर छोटी रुग्णालये कागदावर प्रशिक्षण दाखवतील आणि प्रत्यक्षात काहीच करणार नाहीत, आणि हे मी कोणावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे, तर रोज पाहतो म्हणून लिहितो आहे.

कामगारांचा वकील

माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. प्रशिक्षणावर इतका भर दिला की अपघाताचा दोष आपोआप कामगाराच्या माथी येतो. सुई टोचल्यावर मावशींना पहिला प्रश्न विचारला जातो तो "तुम्हाला शिकवले होते ना?" असा, आणि त्यांनी अंगठा दिलेला हजेरीपट पुढे भरपाई नाकारण्यासाठी वापरला जाण्याचा धोका असतो. सुई लाल पिशवीत मावशींनी टाकलेली नव्हती. ती टाकणारा सुशिक्षित होता आणि त्याने प्रशिक्षणही घेतलेले होते.

अमेरिकेचे उदाहरण पाहा. तिथे १९९१ च्या नियमाने दर वर्षी प्रशिक्षण आणि मोफत लस बंधनकारक केली, तरी सुया टोचतच राहिल्या, म्हणून २००० साली स्वतंत्र कायदा करून सुरक्षित रचनेची उपकरणे वापरण्याचा आणि ती निवडताना प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे मत घेण्याचा आग्रह धरावा लागला. आपल्याकडे मात्र २०१६ च्या नियमांत 'मोठा अपघात' या व्याख्येतून सुई टोचण्याची घटना चक्क वगळलेली आहे, म्हणजे ती तातडीने कळवण्याची सक्ती नाही आणि तिचा उल्लेख वार्षिक अहवालात येऊन जातो. अशा परिस्थितीत आधी प्रत्येक खाटेजवळ सुया टाकण्याचा न भेदणारा पांढरा डबा, जाड हातमोजे आणि सुई आपोआप आत जाणारी कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) द्या, लस द्या, आणि मग शिकवायला या.

प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ

वकील साहेबांशी मी निम्माच सहमत आहे. उपकरणे आणूनही शिकवले नाही तर काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. वापरलेली सुई कापून वेगळी करणारा हब कटर टेबलावर असतो, पण सिरिंजचे तोंड त्यात नेमके कुठे धरायचे हे नव्या मुलाला कोणी दाखवलेले नसते, म्हणून तो सवयीने सुईवर टोपण परत बसवू लागतो आणि तिथेच दुसऱ्या हाताच्या बोटाला टोचून घेतो. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा असतो, हे ठाऊक नसल्यामुळे तो काठोकाठ भरतो आणि पुढची सुई ढकलताना आतली सुई वर येते.

लसीबद्दलही एक सांगतो. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून पातळी किमान दहा (mIU/mL या एककात) आहे का, हे पाहायचे असते, कारण काही जणांना लस लागू होत नाही. हे काम आमच्याच प्रयोगशाळेत होऊ शकते, तरी सफाई कामगारांचे नमुने तपासणीला आलेले मी क्वचितच पाहिले आहेत.

कृष्णाकाठची परिचारिका

डॉक्टर, माणूस टिकत नाही म्हणून लस द्यायची नाही, हे मला पटत नाही. हिपॅटायटिस बीचे डोस मध्येच थांबले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत. पहिला डोस तुम्ही द्या, तारखा लिहिलेले कार्ड तिच्या हातात द्या, म्हणजे पुढचा डोस ती जिथे जाईल तिथे घेईल. लस न घेतलेल्या बाईला सुई टोचली आणि तिला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, द्यावे लागले, तर त्या एका इंजेक्शनचा खर्च संपूर्ण लसीकरणापेक्षा कितीतरी अधिक होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. देशभर बालकांना ही लस नियमित मिळू लागली ती साधारण २०११ पासून, त्यामुळे आज सफाईला येणाऱ्या बायकांनी ती लहानपणी घेतलेली असेल, असे धरून चालता येत नाही.

तालुक्याच्या वर्गाला माझा विरोध नाही, पण तो पुरेसा नाही. तुमच्या रुग्णालयात पांढरा डबा कुठे आहे, रात्री अकराला सुई टोचली तर कोणाला उठवायचे, प्रतिबंधक औषध जवळच्या कोणत्या केंद्रात मिळेल, हे तालुक्याच्या सभागृहात कळत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने आरोग्यसेवेतल्या आस्थापनांवर तिथे काम करणाऱ्या, संसर्गाचा धोका असलेल्या सर्वांना खबरदारीची साधने, त्यांच्या वापराचे प्रशिक्षण आणि प्रतिबंधक औषध देण्याची जबाबदारी टाकली आहे. ती ठेकेदाराच्या प्रमाणपत्राने संपते, असे मी मानत नाही.

वकील साहेबांचा मुद्दा गंभीर आहे आणि हजेरीपटाचा असा वापर होण्याची भीती खरी आहे. म्हणूनच सुई टोचल्यावर विचारायचा पहिला प्रश्न "ही सुई या पिशवीत कशी आली?" असा असला पाहिजे, आणि तो वॉर्डच्या प्रमुखाला विचारला गेला पाहिजे. मात्र डबे येईपर्यंत शिकवायचे नाही, ही अट मला मान्य नाही, कारण डबा येईपर्यंतही त्या बाईला रोज तीच पिशवी उचलायची असते.

तालुक्याचा डॉक्टर

पहिला डोस आणि कार्ड, एवढे मी या महिन्यापासून सुरू करू शकतो. प्रशिक्षणाबाबत माझे मत बदललेले नाही. कामाच्या वेळेत तासभर माणूस बसवून ठेवायचा तर त्या तासाची मजुरी कोणी द्यायची, हे ठेकेदाराशी केलेल्या करारात लिहिलेले असल्याशिवाय तो माणूस सोडत नाही.

कामगारांचा वकील

मग करारातच लिहा, डॉक्टर. करार तुम्हीच करता. प्रशिक्षणाचा तास कामाचा तास धरला जाईल, आणि सुई टोचल्याची खबर दिल्याबद्दल कोणालाही कामावरून कमी केले जाणार नाही, ही दोन कलमे घाला. दुसरे कलम नसेल तर कितीही शिकवले तरी मावशी जखम पदराखाली लपवून घरी जातील आणि ते ७२ तास तसेच निघून जातील.

कृष्णाकाठची परिचारिका

दुसऱ्या कलमाबद्दल माझे आणि तुमचे एकमत आहे. आमच्याकडचा सफाईचा करार पुढच्या नूतनीकरणाला येईल तेव्हा ही दोन्ही कलमे मी संसर्ग नियंत्रण समितीपुढे लेखी मांडणार आहे. डॉक्टर, तो मसुदा तुम्हालाही पाठवीन; वीस खाटांना त्यातले काय जमणार नाही, ते तुम्ही त्यावर खूण करून कळवा.