कॅसेटच का? टोकियोतील एका छोट्या लेबलविषयी

प्रश्न
'मर्झबो' या नावाने मासामी अकिता यांनी केलेले गोंगाटसंगीत मी गेले काही महिने ऐकत आहे. १९७९ साली त्यांनी टोकियोत 'लोएस्ट म्युझिक अँड आर्ट्स' हे स्वतःचे लेबल (ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध करणारी संस्था) काढले आणि सुरुवातीचे बरेचसे काम कॅसेटवरच प्रसिद्ध केले. ही केवळ पैशाची अडचण होती, की विचारपूर्वक केलेली निवड?

प्रतिसाद १
पैशाचा भाग होताच. तबकडीसाठी साचा करावा लागतो आणि तो खर्च काही शे प्रती एकदम काढल्याशिवाय भरून निघत नाही; म्हणजे हे संगीत कोणी ऐकेल की नाही हे कळण्याआधीच श्रोत्यांची संख्या ठरवावी लागते. कॅसेटला ही अट नाही, कारण घरात दोन डेक (कॅसेटयंत्रे) असले की पत्र येईल तशी एकेक प्रत काढता येते.

मला मात्र टपालाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. त्या वर्तुळात कॅसेट ही विक्रीपेक्षा अदलाबदलीची वस्तू होती: आपली पाठवायची आणि परदेशातील एखाद्या कलावंताची मिळवायची. वेष्टनासाठी अकिता मासिकांतील चित्रांची कोलाज करून त्यांच्या झेरॉक्स वापरत. 'मर्झबो' हे नाव जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स यांच्या 'मर्झबाउ' या घरातच रचलेल्या कलाकृतीवरून आले आहे, आणि श्विटर्सही टाकाऊ वस्तूंतूनच कलाकृती उभ्या करत. हे ध्यानात घेतले, तर स्वस्त कॅसेट ही तडजोड वाटत नाही.

प्रतिसाद २
ध्वनीचाही विचार व्हावा. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकते, त्यामुळे तिची खरखर टळत नाही. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात ती तानपुऱ्यावर चढून बसते आणि जीव हळहळतो. येथे मात्र ध्वनिमुद्रणाची पातळी मुद्दाम वाढवली की फीत संपृक्त होते, म्हणजे याहून मोठा आवाज तिच्यात मावत नाही, आवाजाची टोके दबतात, मूळ ध्वनीत नसलेले स्वरांश उमटतात, आणि अशा संगीताला तेच हवे असते. म्हणून खरखर गाळलेल्या आवृत्तीवरून कृपया मत बनवू नये.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. माझ्याकडे अशा दोन जुन्या कॅसेट आल्या आहेत. त्या थेट वाजवाव्यात का?

प्रतिसाद २
आधी यंत्राचे हेड (फितीवरील ध्वनी वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि फीत एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. पहिल्याच वादनात संगणकावर प्रत घ्या, मात्र आवाज गाळणारे कोणतेही बटण बंदच ठेवा.