मदत हवी आहे: गूगलमध्ये वर येण्यासाठी वेबसाइटचं डोमेन बदलू का?

हातपाना:
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम करतो. त्याची वेबसाइट पाच वर्षांपूर्वी मीच बनवून दिली, आडनावाच्या डोमेनवर (म्हणजे वेबपत्त्यावर), डॉट कॉम. तेव्हापासून काही बिनसलं की फोन मलाच.

आता कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय की आडनावामुळेच साइट मागे पडते. एका प्रतिस्पर्ध्याचं डोमेन म्हणजे शहराचं नाव, पुढे एसी, पुढे रिपेअर, सगळं सलग. 'एसी रिपेअर' शोधलं की नकाशाखाली तो पहिला आणि आम्ही दहा-बारा नावांनंतर. तसलंच एक डोमेन विकायला आहे, मध्ये दोन डॅश असलेलं. विकणारा म्हणतो, जुनं आहे, त्याला गूगलमध्ये वजन आहे. भाऊ म्हणतो, घेऊन टाक.

नावात कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात तो शब्द) असला की खरंच रँकिंग वाढतं का? देशाचं एक्स्टेंशन (डॉट कॉमऐवजी डॉट इनसारखं) घेतलं तर? आणि बदललंच, तर जुन्या साइटची पुण्याई जाते का?

रात्रपाळी:
डोमेनला आज तरी हात लावू नका.

नावात शब्द कोंबून वर यायचे दिवस होते, खोटं कशाला बोलू. मीही तेव्हा अशी बरीच डोमेनं घेऊन ठेवली होती. मग सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलच्या स्पॅमविरोधी टीमचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी जाहीर केलं की निकृष्ट दर्जाच्या 'एक्झॅक्ट मॅच' (शोधाचेच शब्द जसेच्या तसे नावात असलेल्या) डोमेनना खाली ढकलणारा बदल येतोय. माझी दुकानदारी तिथेच आटोपली. आता तर गूगलच्या एसईओ (शोधात वर येण्याचे उपाय) स्टार्टर गाइडमध्येच लिहिलंय की डोमेनमधल्या कीवर्डचा रँकिंगवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. डॉट शॉपसारख्या नव्या शेपट्यांनाही वेगळा भाव नाही.

देशाच्या एक्स्टेंशनवरून साइट कुठल्या देशातल्या लोकांसाठी आहे एवढं गूगलला कळतं. पण तुमचा प्रतिस्पर्धीही त्याच देशात आहे ना! त्याच्या पुढे जायला त्याचा काय उपयोग?

आणि नकाशाखालची यादी बिझनेस प्रोफाइलवरून, म्हणजे गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीवरून बनते. त्यासाठी गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं: शोधाशी किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे आणि व्यवसाय किती नावाजलेला आहे. रिव्ह्यू, इतर साइटवरचे उल्लेख, लिंका हे सगळं तिसऱ्यात येतं.

एक सांगा, तुम्ही हा शोध कुठे बसून घेतलात?

हातपाना:
घरी. ...आणि हे लिहिताना ट्यूब पेटली. तो प्रतिस्पर्धी आमच्या मागच्याच रस्त्यावर आहे. भावाचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला.

रात्रपाळी:
घ्या! भावाला दुकानाच्या आसपास उभं राहून शोधायला सांगा, मग बोलू. आणि प्रोफाइलमध्ये प्रायमरी कॅटेगरी काय टाकलीय तेही बघा.

अर्धाकप:
त्या डॅशवाल्या डोमेनबद्दल. आमच्या ऑफिसात असंच एक होतं. गिऱ्हाइकाला फोनवर पत्ता सांगताना "मग आडवी रेघ... नाही हो, खालची नाही, मधली..." शेवटी सगळे व्हॉट्सॲपवर लिंक पाठवायला लागले. तुमच्या भावाचे हात ग्रीसने माखलेले असणार, तो कधी पाठवणार?

जुनेपणाचं वजन वगैरे विकणाऱ्याची बडबड. वय वाढलं म्हणून डोमेन वर चढत नाही. आधी त्यावर काय होतं ते वेबॅक मशीनवर (साइटची जुनी पानं साठवून ठेवणारी साइट) नक्की बघा. जुगाराची पानंही निघतात. जुन्या डोमेनच्या पुण्याईवर भलताच मजकूर वर चढवणं मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात बसतं. तुमचा तो हेतू नाही, पण आधीच्या मालकाची घाण तुम्ही का उपसायची?

जुनाखिळा:
वरच्या दोघांशी सहमत, पण बदल कधीच करू नये असंही नाही. उद्या भागीदार आला, धंद्याचं नाव बदललं, तर करावाच लागतो. तेव्हा प्रत्येक जुन्या पानावरून त्याच्याच नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट (आपोआप नव्या पत्त्यावर नेणारं कायमचं वळण) लावा, सगळी पानं उचलून होमपेजवर नेऊन टाकू नका. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) 'चेंज ऑफ ॲड्रेस', म्हणजे पत्ता बदलल्याची सूचना भरा. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवायला गूगल सांगतं. मी म्हणेन, जुनं डोमेन सोडूच नका, रिन्यू करत राहा. गाडीवर, पावतीपुस्तकावर, फ्रिजला चिकटवलेल्या स्टिकरवर तोच पत्ता छापलेला असतो.

आणि हो, डोमेन नाही तर नाही म्हणून प्रोफाइलच्या नावात 'एसी रिपेअर' घुसडू नका. पाटीवर आहे तेवढंच नाव. तक्रार झाली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

हातपाना:
सगळ्यांचे आभार. भावाने दुकानाबाहेर उभं राहून शोधलं: तिसरा! प्रतिस्पर्ध्याचं नाव शोधून शोधून दमला.

मग सर्च कन्सोल उघडलं. सर्वाधिक क्लिक आडनाव आणि पुढे 'एसीवाले' अशा शोधातून येतात. हेच आडनाव आम्ही काढून टाकणार होतो.

प्रोफाइलमध्ये मात्र घोळ निघाला. कॅटेगरी 'इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान', आणि पिन अजून जुन्या गाळ्यावर, जिथून तो दोन वर्षांपूर्वी हलला. कॅटेगरी बदलली, पिन सरकवली. आता पडताळणीसाठी व्हिडिओ मागतायत, त्यात पाटी दिसायला हवी. पाटी झाडामागे आहे. उद्या सकाळी भाऊ फांदी धरून उभा राहील, मी काढतो.