तीन महिन्यांची शुगर साडेसहा, पण ढेरीचं काय?

तिरफळ:
आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर रोज एक वाक्य कानावर पडतं. "माझी तीन महिन्यांची शुगर (म्हणजे एचबीए१सी, तीन महिन्यांची सरासरी) साडेसहा, मला काय धाड भरलीये?" बोलणाऱ्याच्या शर्टाची बटणं तेव्हा पोटाशी झुंजत असतात. माझं मत: मधुमेह आणि ढेरी एकत्र नांदत असतील तर एकट्या साखरेच्या आकड्यावर खूश होणं म्हणजे स्वतःला फसवणं. 'अकॉर्ड' या वैद्यकीय चाचणीत, म्हणजे मोठ्या अभ्यासात, दहा हजारांवर मधुमेही होते. एका गटात औषधांचा मारा करून साखर अगदी निरोगी माणसाइतकी खाली आणायचा हट्ट धरला, तर त्या गटात मृत्यू २२ टक्क्यांनी जास्त निघाले. २००८ मध्ये तो हट्ट सोडावा लागला. पोटातली चरबी गप्प बसत नाही: यकृतात साठते, इन्सुलिनला दाद देत नाही, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढवते, रक्तदाब चढवते. म्हणून आधी वजन उतरवा, गोळ्या नंतर.

आकडेमोड:
शेवटच्या वाक्याशी साफ असहमत. अकॉर्डवरून थेट वजनावर उडी कशी मारलीत? तुमचा इलाज अमेरिकेत तपासून झालाय. 'लुक अहेड' चाचणी, ५,१४५ मधुमेही, सगळे जास्त वजनाचे. अर्ध्यांना आहार-व्यायामाची कडक शिकवणी लावली. पहिल्याच वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन उतरलं. आणि साडेनऊ वर्षांनी? हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू, यांत दखल घ्यावी असा फरक नाही. २०१२ मध्ये चाचणी आवरती घेतली.

तिरफळ:
अर्धीच गोष्ट सांगताय. शिकवणी नसलेल्या गटात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, जास्त घेतली जात होती. आणि पहिल्या वर्षी दहा टक्क्यांहून जास्त वजन घटवणाऱ्यांचा धोका पुढे कमीच दिसला.

आकडेमोड:
जे एवढं वजन घटवू शकले ते मुळातच धट्टेकट्टे नसतील कशावरून? चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट मोडून मागाहून नवे गट पाडले की हवं ते दिसतं. शिवाय स्टॅटिनचा मुद्दा माझ्या बाजूचा आहे, गोळ्या 'नंतर' नाहीत!

खादाड_खांदा:
जाड मधुमेही बारीक मधुमेह्यांपेक्षा जास्त जगतात असं २०१२ मध्ये छापून आलं होतं ना? मी बटाटेवडा घेऊन बसलोय.

मुठेकाठी:
वडा खाली ठेवा. बारीक असण्यामागे कधी विडीकाडी असते, कधी लपलेला आजार. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा कधीच धूम्रपान न केलेल्या मधुमेह्यांत वजनाबरोबर मृत्यूचं प्रमाणही चढत गेलेलं दिसलं.

पण तिरफळ, तुमचा वजनकाटाही आपल्याकडे धड कामाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! हातपाय काटकुळे आणि पोटात चरबी, हा आपला साचा. त्यामुळे "मी कुठे जाड आहे?" म्हणणाराही यात धरा. काट्यापेक्षा टेप बरी: पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

ओसरी:
ढेरीवरचे विनोद वाचून वाईट वाटलं. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि अंगानेही स्थूल आहेत. डॉक्टरांकडे गेलं की आधी "किती खाता?" म्हणून बोलणी, त्यामुळे त्यांनी जाणंच टाळलं. एकदा घाम फुटला, धाप लागली. छातीत दुखलं नाही म्हणून पित्त समजून आम्ही आलं-लिंबू दिलं. पुढे कधीतरी ईसीजी काढला तर अटॅक येऊन गेलेला! मधुमेहात नसा बधिर होतात म्हणून कळ जाणवत नाही, हे तेव्हा समजलं. वजनाचा उपदेश सगळ्यांनी केला, ही एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती.

आकडेमोड:
हे सगळ्यात महत्त्वाचं. माझी शेवटची भर: एम्पाग्लिफ्लोझिन ही साखर उतरवणारी गोळी. वजन जेमतेम दोन-तीन किलो उतरवते. तरी २०१५ च्या चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेह्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. साखर थोडीशी उतरली, वजनही थोडंसंच, आणि फायदा एवढा. आता सांगा, वजन आधी की गोळी?

तिरफळ:
'गोळ्या नंतर' मागे घेतो. ओसरी, बटणांचा विनोदही. पोटाची चरबी हा मूळ गुन्हेगार आहे, हे मात्र मागे घेणार नाही.

ओसरी:
टेप नक्की कुठे धरायची? पँटच्या नंबरावरून नाही का चालत?

मुठेकाठी:
मुळीच नाही, पँट ढेरीच्या खाली बांधलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पोट आत न ओढता!

खादाड_खांदा:
९७. वडा थंड झाला.