मदत हवी आहे: सिडनीतलं अ‍ॅफिडेव्हिट आणि एआय

नमस्कार मंडळी. मावशीच्या मृत्युपत्राचा दावा न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टात चालू आहे. आईला अ‍ॅफिडेव्हिट द्यायचंय. तिने वहीची चार पानं मराठीत लिहिली, मी शहाणपणा करून चॅटजीपीटीकडून इंग्रजी करून घेतली. वकीलबाईंनी तिथेच थांबवलं. ३ फेब्रुवारी २०२५ पासून अ‍ॅफिडेव्हिटचा मजकूर एआयकडून तयार करायला तिथे मनाई आहे, शिवाय एआय वापरलेलं नाही असं त्यातच लिहून द्यावं लागतं. आईच्या ‘घरात पाऊल टाकलं नाही’चं चॅटजीपीटीने इंग्रजीत काय केलं होतं, सांगत नाही!

आता सगळं नव्याने करायचंय. नाटीची (NAATI, अनुवादकांना मान्यता देणारी ऑस्ट्रेलियातली संस्था) मान्यता असलेला मराठी अनुवादक कुणाला माहीत आहे का? पानामागे साधारण किती घेतात? आई सांगलीत आहे, सही तिथूनच करायची तर कुणासमोर?