ऑक्झॅलिक आम्लाची आम्लारिधर्मता १.४३ कशी काय येते बाप्पा?

संत्राबाग_मोर्शी
बारावीला आहे, मोर्शीजवळच्या खेड्यात. काल प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक आम्लाची आम्लारिधर्मता (आम्लाचा एक रेणू सोड्याला किती हायड्रोजन देते ते) काढायची होती. ०.६३ ग्रॅम आम्ल तोललं, १०० मिली द्रावण केलं. त्यातलं १० मिली पिपेटनं फ्लास्कात, फिनॉल्फथॅलीनचे (आम्ल संपलं की गुलाबी होते ते) दोन थेंब, आणि ब्युरेटमधून (खुणांची नळी) ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ०.१ मोल, कॉस्टिक सोडा. पहिल्या वेळी घाईत १०.८ मिली सोड्यापर्यंत गेलो, रंग पार रानी गुलाबी. मग नीट केलं: १०.०, १०.१, १०.०.

रेणुभार ९० धरला (कार्बनचे २४, ऑक्सिजनचे ६४, हायड्रोजनचे २). ग्रॅमला रेणुभारानं भागलं की मोल: १० मिलीत आम्ल ०.०००७ मोल, सोडा ०.००१ मोल. भागाकार १.४३. पुस्तकात २ आहे. दीड हायड्रोजन कुठं असते का? शेजारच्या पोराचं बरोबर २ आलं, पण त्यानं उत्तर आधी लिहून रीडिंग मागून बसवलं, हे मी डोळ्यानं पाह्यलं.

पऱ्हाटीवाला
सोडा जुना असन. बरणीचं झाकण उघडं राह्यलं की हवेतलं पाणी ओढून दाणे चिकट होतात, ताकद उतरते.

जुना_लॅबवाला
ताकद उतरली असती तर सोडा जास्त लागला असता, अन् उत्तर २ च्या वर गेलं असतं. याचं तर खाली आलं. तेव्हा सोड्याला बोल लावू नका.

पोरा, बाटलीवरचं लेबल वाचलं का? शाळेत येते ते ऑक्झॅलिक पाणी धरून बसलेलं असते, एका रेणूमागं दोन पाण्याचे रेणू. ९० अन् ३६, झाले १२६. आता भाग: १० मिलीत ०.०००५ मोल. सोडा ०.००१. उत्तर २. सरांनी ०.६३ च काऊन तोलायला लावलं? १२६ ला २०० नं भागून पाह्य.

संत्राबाग_मोर्शी
काका, लेबल कसरीनं खाल्लं होतं. 'ऑक्झॅ' एवढंच उरलं होतं.

जुना_लॅबवाला
मग तुझा दोष निम्माच. पण एक सांग, सोडा बरोबर ०.१ आहे हे कशावरून ठरवलं?

संत्राबाग_मोर्शी
सरांनी आदल्या दिवशी ऑक्झॅलिकनंच ठरवला होता.

जुना_लॅबवाला
घ्या! ऑक्झॅलिकचे दोन हायड्रोजन धरूनच सोड्याची ताकद काढली, अन् त्याच सोड्यानं ऑक्झॅलिकचे हायड्रोजन मोजले. चोराला चोराचाच जामीन. २ येणारच होतं. खरं तपासायचं तर पोटॅशिअम हायड्रोजन थॅलेट घ्यायचं, रेणुभार २०४, सोड्याला देण्याजोगा हायड्रोजन एकच. ते नसन तर याच सोड्यानं दुसरं आम्ल मोज. तुमच्या संत्र्यातलं सायट्रिक घे. ०.७० ग्रॅम, १०० मिलीत. एक पाणी धरून असलेलं असन तर २१०, कोरडं असन तर १९२. लेबल वाच!

अन् सूत्रातले हायड्रोजन मोजत बसू नको. व्हिनेगरच्या आम्लात चार असतात, सोड्याला एकच भेटते. बाकीचे तीन कार्बनला धरून असतात, ते सुटत नाहीत.

पऱ्हाटीवाला
म्हणून रसाचा आंबटपणा काढताना ६४ नं गुणतात का? १९२ भागिले ३?

जुना_लॅबवाला
तेच ते. तो ६४ म्हणजे सायट्रिकच्या तीन हायड्रोजनचा हिशोब.

संत्राबाग_मोर्शी
आज केलं. या बाटलीचं लेबल शाबूत होतं, एक पाणीवालं, २१०. रीडिंग ९.९, ९.९, ९.९. उत्तर २.९७. वहीत २.९७ च लिहिलं. शेजारच्यानं रीडिंग मागितलं, मी नाही देल्लं.