मदत हवी आहे: गावांची यादी मराठी वर्णक्रमानेच लागली आहे, हे टेस्टमध्ये कसं पडताळायचं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या टीममध्ये मी टेस्टिंग बघते. दहा दिवसांचं बिल काढताना संस्थेचे सचिव यादीतून गाव निवडतात. त्या यादीत कळंबा आधी येतंय आणि कसबा बावडा नंतर. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्याही पुढे, म्हणजे कसबा बावडा आधी हवं. युनिकोडने, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीने, ळ ला ल आणि व यांच्या मधे बसवलाय आणि साधा सॉर्ट त्याच क्रमाने जातो. इथवर उलगडा झालाय. अडलंय ते टेस्टपाशी.

जेस्टमधली (जावास्क्रिप्ट कोडच्या टेस्ट चालवणारं साधन) सध्याची ओळ अशी आहे, म्हणजे यादी आणि सॉर्ट केलेली यादी सारखी आहे का ते बघते:

एक्स्पेक्ट(गावं).टूईक्वल(गावं.सॉर्ट())

यादी मुद्दाम उलटी करून दिली तरी ही टेस्ट पास! कारण सॉर्ट मूळ अ‍ॅरेच (कोडमधली यादी) जागच्या जागी बदलतो आणि तोच परत देतो, मग तुलना त्याची त्याच्याशीच होते. आधी प्रत काढून ती सॉर्ट केली, तर उलटी यादी पकडली जाते. पण कळंबा-कसबा बावडा तसंच सुटतं, कारण कोडमध्येही तोच सॉर्ट आणि टेस्टमध्येही तोच. उद्या कोडमध्ये लोकेलकंपेअरला (भाषेच्या नियमांनी दोन शब्दांची तुलना करणारं फंक्शन) मराठी लोकेल, म्हणजे मराठीचे नियम, दिलं आणि टेस्टमध्येही तेच वापरलं, तर नक्की काय तपासल्यासारखं होईल?

शेजारशेजारच्या जोड्या तपासणारं फंक्शनही लिहून पाहिलं. ते रिकाम्या यादीलाही पास करतं. शिवाय सभासदांच्या यादीत एकाच नावाचे दोघे असले की त्यांचा क्रम कधी असा, कधी तसा, आणि टेस्ट अधूनमधून पडते. तुम्ही हे कसं करता?

प्रतिसाद १

ताई, क्रम बरोबर की चूक हे टेस्टने कोडला विचारायचंच नाही. दहा-बारा गावं निवडा आणि बरोबर क्रम हाताने लिहून टेस्टमध्ये ठेवा. कसबा बावडा, कळंबा ही जोडी त्यात हवीच. क्ष आणि ज्ञ ची नावंही घाला, तेही वर्णमालेत शेवटी येतात. कोडला ही यादी विस्कटून द्या, नाहीतर काहीच न करणारा कोडसुद्धा पास होईल.

जोड्यांची तपासणी टाकून देऊ नका. खऱ्या मोठ्या यादीवर तीच चालवा, पण तिच्याआधी लांबी शून्य नाही आणि जेवढी गावं आत गेली तेवढीच, तीच बाहेर आली, हे बघा. सॉर्ट करताना एखादं गाव गळालं तरी उरलेली यादी क्रमातच दिसते.

सभासद क्रमांकांनाही टेस्ट लावा. जावास्क्रिप्टचा सॉर्ट तुलनेचं फंक्शन दिलं नाही तर आकड्यांनाही अक्षरं समजतो: १०, १००, ९.

सारख्या नावांचं मूळ बहुतेक डेटाबेसमध्ये असेल. ऑर्डर बाय (डेटाबेसला क्रम सांगणारा भाग) फक्त नावावर असेल तर बरोबरीच्या ओळींचा क्रम ठरलेला नसतो. नावानंतर सभासद क्रमांक जोडा. टेस्ट सैल करून हे झाकू नका, सचिवांनाही ती नावं रोज वेगळ्या जागी दिसत असणार.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याला अनुमोदन. फक्त सीआय सर्व्हरवर (जिथे टेस्ट आपोआप चालतात) नोडची, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची, आवृत्ती कुठली आहे ते बघा. १३ च्या आधीच्या नेहमीच्या बिल्डमध्ये फक्त इंग्रजीचा लोकेल डेटा असायचा. मराठी मागितलं तरी एरर न देता दुसऱ्याच लोकेलवर जायचा. इंटल.कोलेटर.सपोर्टेडलोकेल्सऑफ या फंक्शनला ‘एमआर’ (मराठीचा कोड) देऊन बघा, रिकामा अ‍ॅरे आला तर मराठी नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हाताने लिहिलेली यादी लावली आणि जुन्या कोडवर टेस्ट बरोबर कळंब्यापाशीच पडली. आता ऑर्डर बाय बदलून घेते. अजून एक विचारायचंय: काही संस्थांनी गावांची नावं इंग्रजी अक्षरांत भरली आहेत. मिश्र यादीत ती आधी घ्यावीत की शेवटी? तुमच्याकडे काय ठरवलंय?